एकाच नंबरावरचे दोन बैल

माझ्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘रेडिओ व टीव्ही दुरुस्ती’ असंच लिहिलेलं आहे. रेडिओ आता कोणी आणत नाही आणि टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा लोक नवा घेतात. तरी मी पाटी बदलली नाही, कारण पुढे ज्या कामात माझं आयुष्य गेलं ते चार शब्दांत कसं लिहावं हे मला कधी सुचलं नाही. रिमोटवर पळणाऱ्या मोटारी, उडणारी विमानं, पाण्यात सोडायच्या बोटी, असल्या हौशी वस्तूंचे रिमोट जुळवून द्यायचे आणि एकाचा रिमोट दुसऱ्याच्या वस्तूला नाचवणार नाही हे पाहायचं, एवढंच ते काम. शेजारचे भांडीवाले पत्ता सांगताना म्हणतात, "ते खेळण्यांच्या डॉक्टरीणबाईंचं दुकान." जालन्यात स्टील आणि बियाणं सोडून तिसरा धंदा करणाऱ्याकडे लोक जरा काळजीनेच बघतात, त्यामुळे डॉक्टरीण म्हणतात यावर मी खूश आहे.

काम थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. रिमोटमधून लहरी निघतात आणि खेळण्यातला रिसीव्हर त्या पकडतो. या लहरी कोणी, कुठल्या पट्ट्यात आणि किती जोराने सोडायच्या, याचे सरकारी नियम आहेत. पोलिसांचा पट्टा वेगळा, विमानतळाचा वेगळा. हौशी माणसांना काही पट्टे परवान्याशिवाय मोकळे ठेवलेत, त्यातला जुना पट्टा सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा. त्या पट्ट्यात ठरावीक जागा असतात, त्यांना आम्ही नंबर म्हणतो. एका नंबराचे दोन क्रिस्टल असतात, शर्टाच्या बटणाएवढे. एक रिमोटमध्ये खोचायचा, दुसरा रिसीव्हरमध्ये. नंबर म्हणजे गल्लीतल्या घराचा क्रमांक. एक नंबरच्या घरात राहणारा चार नंबरवाल्यापेक्षा मोठा नसतो. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आले आणि आमच्या जिल्ह्यात ते एकालाही पटलेलं नाही.

दोन रिमोट एकाच नंबरावर असले की काय होतं? गावात एकाच नावाचे दोघं असले आणि कोणी हाक मारली, तर दोघंही वळून बघतात. तसंच. एका रिमोटवर दोन्ही खेळणी चालतात. आणि दोन्ही रिमोट एकदम चालू केले तर कुठलंच नीट चालत नाही, जागच्या जागी थरथरतं. म्हणून विमानं उडवणारी पोरं मैदानात एक फळी लावतात. तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे असतात, प्रत्येकावर एकेक नंबर. आपल्या नंबराचा चिमटा हातात असल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही, हा तिथला कडक कायदा.

मंठ्याच्या एका किराणावाल्यांच्या मुलाची मोटार भर वाढदिवसात आपोआप केकवर चढली. त्यांनी आधी लिंबू उतरवलं, मग ती माझ्याकडे आणली. शेजारच्या पोराकडे त्याच नंबराची मोटार होती. मी क्रिस्टल बदलून दिला आणि मोटार शहाण्यासारखी वागायला लागली. किराणावाले अजून भेटले की म्हणतात, "लिंबाचा गुण आला बघा."

तर असल्या धंद्यात एके दिवशी दगडूबा आले. टेंभुर्णीच्या अलीकडचं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथे जायचं असतं. दगडूबा तिथले साठीच्या पुढचे शेतकरी. दुकानाच्या दारात टोपी हातात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, बैल करून देता का?"

"कसला बैल?"

"चालणारा."

मी स्टूल पुढे सरकवलं. गोष्ट अशी होती. पोळ्याला गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि सगळ्या गावाचे बैल त्याखालून जातात. पहिला बैल कोणाचा, हा मान. तो मान दगडूबांच्या आजोबांचा. आजोबांना जुळे मुलगे, घरं दोन झाली. एका घरात दगडूबा, दुसऱ्यात त्यांचे चुलतभाऊ साहेबराव. थोरली पाती, म्हणजे थोरल्या मुलाची शाखा, आपलीच, असं दोघंही म्हणत. यावरून त्यांच्यात जो अबोला धरला गेला तो साहेबरावांच्या वडिलांच्या तेराव्यापासून. त्यानंतर एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवलेला नव्हता.

"मग तुमचे बैल?"

"उन्हाळ्यात इकले. गुडघे गेले माझे. पोरगं ट्रॅक्टर चालवतंय, त्याला बैलाचं नाव नको." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "साहेबरावाकडं बी बैल न्हाईत. औंदा दोघं बी उसने आणतो म्हणलो, तर पंच म्हणले उसना बैल मानाला चालत न्हाई. ज्याच्या घरी बैल न्हाई तो मातीचा पूजतो, तसा करा. पण उचलून न्यायचा न्हाई. आपला आपण चालत तोरणाखालून गेला पाहिजे. ज्याचा आधी जाईल त्याचा मान."

पंचांनी ही अट भांडण मिटावं म्हणून घातली असणार. चालणारा मातीचा बैल कोण आणतो? पण दगडूबांनी नातवाची रिमोटची मोटार बघितली होती.

मी हसण्याच्या बेतात होते. तेवढ्यात ते म्हणाले, "बाप जाताना जमिनीचं काई बोलला न्हाई. तोरणाखालून आपला बैल पहिला जाऊ दे, एवढंच सांगून गेल्ता. त्याला शब्द दिला मी. ह्या साली मान गेला तर मला त्या वेशीतून जाता यायचं न्हाई, ताई." त्यांचे डोळे भरले आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी काम घेतलं.

मातीचं वजन मोटारींना ओढवलं नसतं, म्हणून त्यांच्या गावच्या मूर्तिकाराने बांबूच्या सांगाड्यावर वर्तमानपत्रं चिंचोक्याच्या खळीने चिकटवून कागदी बैल उभा केला, मोठ्या वासराएवढा. पोटात स्कूटरची बॅटरी, पायांखाली छोटी चाकं, गाडीच्या वायपरच्या मोटारी, आणि माझा सत्तावीसचा जुना सेट. त्यात मी एक नंबरचा क्रिस्टल घातला, कारण डबीत तो सगळ्यात वर होता. याला दुसरं काहीही कारण नव्हतं.

आठवडाभरात साहेबराव मोटरसायकलवरून आले. कडक इस्त्रीचा सदरा, बसायच्या आधी चौकशी.

"दगडू आल्ता का हितं?"

"गिऱ्हाइकांचं मी कोणाला सांगत नाही."

"म्हंजे आल्ता. मला बी बैल पाहिजे. त्याच्यापेक्षा भारी."

इथे माझा धंद्याचा नियम आडवा आला. एकाच वेशीत दोन सेट चालणार असतील तर कोणाचा नंबर कोणता, हे दोघांनाही माहीत पाहिजे. मी म्हटलं, "तिथे एक नंबर आहे. तुम्हाला चार देते."

साहेबरावांचा चेहरा पडला. "त्याला एक अन् मला चार?"

मी घराच्या क्रमांकाचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी बराबर, बराबर म्हणत ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "आमची पाती थोरली. चार नंबर घेऊन मी वेशीत जाऊ का?"

"अहो, क्रिस्टल बैलाच्या पोटात असतो. कोणाला दिसणार आहे?"

"मला तर माहीत राह्यल ना."

तरी चार नंबर त्यांनी घेतला आणि गप गेले. गिऱ्हाईक गप गेलं म्हणजे त्याला पटलं, असं मी समजले. इतकी वर्षं दुकान चालवलेल्या बाईने असं समजायला नको होतं.

पोळ्याच्या चार दिवस आधी मी दगडूबांचा सेट जुळवायला गावात गेले. रिसीव्हरमध्ये एक तारेची गुंडाळी असते, तिच्या मधला स्क्रू अगदी केसाएवढा फिरवून तो रिमोटशी जुळवावा लागतो, आणि तोही प्लॅस्टिकच्या काडीने, कारण लोखंडी पेचकस जवळ आला की गुंडाळी वेगळंच गाणं म्हणते. मग एकाने रिमोट घेऊन लांब लांब जायचं आणि कुठवर चालतं ते बघायचं. दगडूबांना लांब जाणं जमेना. जन्मभर बैलाच्या मागे दोन हातांच्या अंतराने चाललेला माणूस. ते बैलाच्या शेपटीशी उभे राहून "हुर्र, हुर्र" करत आणि बैल का हलत नाही म्हणून माझ्याकडे बघत.

"दगडूबा, रिमोटची दांडी पुढे ढकला."

"आवाज दिला ना मी."

मग दांडी ढकलायला शिकले, पण बैल जरा रेंगाळला की रिमोटच्या अँटेनाने त्याच्या पाठीवर फटका मारायचे. एक अँटेना अशी वाकली. पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन आला. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची पद्धत असते, ती त्यांनी मनोभावे पाळली होती आणि तूप रिसीव्हरच्या खोबणीत उतरलं होतं. मी फोनवरून कापूस आणि स्पिरिटने पुसायला सांगितलं. पलीकडून त्यांच्या पत्नीचा, रुखमाबाईंचा आवाज आला, "सांगत होते मी, खांदा कुठं अन् यंत्र कुठं ते बघा आधी."

पोळ्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले. ऊन चटके देत होतं. वेशीपुढे दोन कागदी बैल शेजारीशेजारी उभे. दगडूबांचा साधा, हिंगूळ लावलेली शिंगं, गोंडे आणि एक झूल. साहेबरावांचा पाहण्यासारखा: आरशांची झूल, पितळी घुंगरांच्या चार माळा, कपाळाला बाशिंग. त्यांच्या मागे गावात उरलेल्या खऱ्या बैलांच्या जोड्या, आणि त्यांच्या मागे झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर. पंचांतले निवृत्त बन्सी मास्तर उपरणं हातात घेऊन उभे होते. उपरणं खाली आलं, हलगी कडाडली, दोघांनी एकदमच दांडी पुढे ढकलली.

दोन्ही बैलांना हुडहुडी भरली. शिंगं थरथरायला लागली, घुंगरं वाजायला लागली, एक डावीकडे फिरला, दुसराही डावीकडे फिरला, दोघं एकमेकांना भिडून थांबले आणि पुन्हा थरथरले. मागून कोणीतरी म्हणालं, "अंगात आलं बैलांच्या." एका बाईने हात जोडले. मला मात्र एका क्षणात कळलं आणि मी बायकांच्या घोळक्यातून निघून थेट वेशीत शिरले. पोळ्याच्या वेशीत बाई शिरलेली तिथे कोणी पाहिली नव्हती, पण त्या दिवशी बैलच असे होते की माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"साहेबराव, आत कितवा नंबर आहे?"

ते उपरण्याने घाम पुसत होते. "एक."

"मी चार दिला होता."

"भाच्यानं संभाजीनगरहून एक नंबर आणून देल्ला. खोचून बघितला घरी. बैल झकास चालला."

घरी चालणारच. घरी दुसरा रिमोट नव्हता. "चार कुठे आहे? द्या, लगेच घालते."

"टाकला हिरीत. तसला नंबर घरात कशाला ठेवायचा?"

माझ्या पिशवीत पेचकस होता, प्लॅस्टिकची काडी होती, स्पिरिट होतं. दुसरा क्रिस्टल जालन्यात, दुकानाच्या डबीत. मी दोघांना समजावून सांगितलं: एकाने रिमोट बंद करा. मग दुसऱ्याच्या रिमोटवर दोन्ही बैल चालतील.

दोघं हाताच्या अंतरावर उभे होते, पण बोलणं माझ्यामार्फत.

"ताई, त्याला सांगा, बंद कर म्हणावं."

"ताई, त्यालाच सांगा. मी न्हाई करत बंद. माझा बैल त्याच्या हातानं चालणार का?"

"अन् माझा त्याच्या हातानं?"

मी कधी इकडे तोंड करून सांगत होते, कधी तिकडे. बन्सी मास्तरांनी नाणं उडवायचं सुचवलं, दोघांनाही ते नको होतं. हलगीवाला बिडी ओढायला बसला. आणि मागचे खरे बैल सकाळपासून धुऊन-सजवून उन्हात उभे होते. त्यांना नैवेद्य तोरणाखालून गेल्यावरच. एक गरीब पांढरा बैल पुढे सरकला, त्याने चिंचोक्याच्या खळीचा वास घेतला आणि दगडूबांच्या बैलाचं शेपूट तोंडात धरून शांतपणे खायला लागला.

लोक हसले. दगडूबा धावले, मला वाटलं आता फटका मारतील. त्यांनी बैलाच्या मानेवर हात ठेवला. तो हात तसाच राहिला. बैलाच्या तोंडाला फेस होता. दगडूबा त्याच्याकडे बघत राहिले, मग रांगेतल्या बाकीच्या जोड्यांकडे.

"उपाशी हाय हा," ते म्हणाले. "आपल्यापायी उभा हाय."

परत येऊन त्यांनी रिमोटचं बटण खाली ओढलं, अँटेना दाबून आत घातली आणि मला म्हणाले, "ताई, त्याला सांगा, हाक म्हणावं." बापाला दिलेला शब्द त्या बटणाबरोबर खाली गेला, असं त्यांना वाटत होतं आणि मलाही वाटलं. त्यांच्याकडे बघवेना.

साहेबरावांनी छाती पुढे काढून दांडी ढकलली. दोन्ही बैल गुमान चालायला लागले. आणि मग सगळ्या वेशीने जे पाहिलं ते असं. साहेबरावांच्या बैलावर आरसे, पितळी घुंगरं, दुहेरी झूल. त्याच्या मोटारी तो भार ओढता ओढता कण्हत होत्या. दगडूबांचा हलका, अर्ध्या शेपटाचा बैल मानभर पुढे निघाला. साहेबरावांनी घाबरून थांबवलं. दोन्ही थांबले. पुन्हा चालवलं, दोन्ही निघाले, अंतर तेवढंच. मागे घेतलं, दोन्ही मागे आले. तोरण समोर, मागे सगळं गाव, आणि साहेबराव ज्या बैलाला हरवायला आले होते त्यालाच स्वतःच्या अंगठ्याने पुढे काढत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून दांडी पुढे लोटली. दगडूबांचा बैल तोरणाखालून पहिला गेला.

केवढा गोंधळ झाला ते काय सांगू. निम्मे म्हणाले, बैल दगडूबाचा, मान त्याचा. निम्मे म्हणाले, हाकला साहेबरावानं, मान हाकणाऱ्याचा. बन्सी मास्तरांनी जन्मभर पोरांचे पेपर तपासले होते, पण हा पेपर त्यांनी कोरा परत केला. "आधी बैल घरी न्या, जेवा, मग बघू," ते म्हणाले आणि खऱ्या जोड्यांना वाट करून दिली.

पण घरी न्यायचे कसे? औक्षण होईपर्यंत उचलायचा नाही, हीही पंचांची अट होती. दगडूबांनी सवयीने रिमोट चालू केला तर दोन्ही बैल पुन्हा थरथरले.

"ताई, त्याला सांगा, बंद ठेव. मी नेतो," साहेबराव म्हणाले. "अन् सांगा, पहिला गेला त्याच्या घरी आधी जायचं, अशी रीत हाय."

"मला माहीत हाय रीत, म्हणावं," दगडूबा म्हणाले.

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे दोन बैल, मागे साहेबराव रिमोट धरून, त्यांच्या मागे दगडूबा रिकाम्या हाताने, आणि निरोप पोचवायला मधे मी. दगडूबांच्या अंगणाशी आल्यावर साहेबराव फाटकाबाहेरच थबकले. बैल आत शिरले, ते बाहेर. कुडाच्या वरून बैल काही दिसेनात. आतून रांजण सरकल्याचा आवाज आला.

रुखमाबाई ताट घेऊन बाहेर आल्या. "भावजी, आत या. बैल आंधळे फिरून राह्यलेत, माझी तुळस जाईल."

साहेबराव माझ्याकडे बघायला लागले, जणू याचंही उत्तर माझ्याकडे आहे. मी फाटकातून बाजूला झाले. मग त्यांनी चपला काढल्या आणि आत आले.

रुखमाबाईंनी दोन्ही बैलांना कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं. माझा जीव रिसीव्हरमध्ये अडकला होता. पुरणपोळीचा घास दोघांच्या तोंडाला लावला. मग पाण्याचा तांब्या उचलून साहेबरावांपुढे धरला. साहेबराव दोन्ही हातांनी रिमोट धरून उभे.

"हात मोकळे न्हाईत, वहिनी. हे सोडलं तर बैल कुठं जातील त्याचा भरोसा न्हाई."

"पोचले ना घरी? आता कुठं जायचंय त्यांना? ठेवा ते खाली, पाय धुवा. पानं वाढलीत."

साहेबरावांनी रिमोट उलटा केला, सुलटा केला. घरी ते बॅटरी उपसूनच थांबवत असणार. कानापर्यंत लाल होऊन ते मला हळूच म्हणाले, "ताई, हे बंद कुठून होतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दगडूबा माझ्या पुढून सरळ त्यांच्याकडे गेले. हात लांब करून त्यांनी बोटाने बटण खाली ओढलं.

"हितून," ते साहेबरावांना म्हणाले. "चल, जेवायला बस."